कुकीसाहेबांच्या राज्यातली पांढरीशुभ्र अंडी

एक होती वाडी. वाडीला होतं कुंपण, कुंपणाला होतं फाटक आणि आत होत्या कोंबड्या. सकाळी त्या खुराड्यातून बाहेर पडत, उकिरडा उकरत, दुपारी शेवग्याखाली मातीत लोळत आणि दिवे लागायच्या आत मुकाट्यानं पुन्हा खुराड्यात जात. मधल्या वेळात अंडी घालत. राज्य करायला याहून चांगली प्रजा शोधूनही सापडायची नाही.

वाडीची मालकीण द्वारकाकाकू. नुसत्या अंड्यांवर भागेना म्हणून काकूंनी दुसरा धंदा काढला. शहरातली माणसं फिरायला निघाली की आपली कुत्री काकूंकडे ठेवून जात. कुणी आठवडाभर, कुणी दोन-दोन महिने. कुत्र्याबरोबर त्याची गादी येई, त्याची वाटी येई आणि पिशवीभर त्याचा खाऊ येई. पाहुणेच ते! आज आले, उद्या गाडीत बसून गेले.

म्हणूनच कोंबड्यांनी त्यांना राज्यावर बसवलं.

हसू नका. कोंबड्यांनी यावर पुष्कळ विचार केला होता. त्याआधी राज्य होतं तुर्रेराव कोंबड्याचं, वडिलोपार्जित. पण एका संध्याकाळी कुंपणातून मुंगूस शिरलं आणि महाराज सगळ्यांच्या आधी कौलांवर जाऊन बसले. तिथून त्यांनी प्रजेला धीर दिला. प्रजेनं खाली आल्यावर त्यांना गादीवरून उतरवलं आणि ठरवलं, की आता दर वेळी कुत्र्यांतूनच कुणीतरी निवडायचा. भुंकता येतं, दात आहेत, आणि मुख्य म्हणजे स्वतःची वाटी आहे. ज्याच्याकडे स्वतःची वाटी आहे तो आपलं कशाला खाईल?

तर ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गादीवर होते कुकीसाहेब. नाव शहरातल्या मालकिणीनं ठेवलेलं. प्रत्यक्षात हा वासराएवढा अल्सेशियन, जबडा उघडला की आत खुराडं मावेल. विरोधी पक्षनेता होता टायगर. हा पांढरा, झुपकेदार, टोपलीत मावणारा आणि मांजराला घाबरणारा. नावं आणि गुण यांचा मेळ घालायची पद्धत त्या वाडीत नव्हती. तुर्रेरावांना प्रसिद्धी खातं मिळालं होतं. ते रोज पहाटे कौलांवर चढून बांग देत, "कुकीसाहेबांच्या खंबीर नेतृत्वाखाली आजही सूर्य उगवत आहे होऽऽ!" आणि सूर्य उगवेच. विरोधकांना यावर बोलायला जागाच राहत नसे.

आणि होती कवडी. अंगावर पांढरे-काळे ठिपके असलेली, साधी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोन वर्षं झाली, तिच्या पोटाखालून एकही पिल्लू निघालं नव्हतं. अंडी घातली की ती कुठेतरी जात. कुठे, ते कुणी विचारत नसे. या वर्षी ती खुडूक झाली. शहरातल्या वाचकांना सांगायला हवं, कोंबडी खुडूक झाली की तिचं अंडी घालणं थांबतं, अंग तापतं, पिसं फुलतात आणि तिला एकच वेड लागतं, अंड्यांवर बसायचं. दाण्याकडे लक्ष नाही, पाण्याकडे लक्ष नाही. कवडीचं तसंच झालं. शेवटची घातलेली अंडी तिनं भुश्यात लपवून ठेवली होती आणि त्यांच्यावर ती डोळे मिटून बसली होती. तिला पिल्लं हवी होती. बाकी राज्यात काय चाललंय याच्याशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं.

राज्याला मात्र तिच्याशी होतं.

एके दिवशी कुकीसाहेबांनी शेवग्याखाली सभा घेतली. "माझ्या बंधूंनो, भगिनींनो, आणि विशेषतः भगिनींनो!" सगळ्या कोंबड्यांना गहिवरून आलं. "मुंगूस पुन्हा आलेलं आहे!"

"कुठंय? कुठंय?" पळापळ झाली.

"दिसत नाही. हाच त्याचा डाव आहे! पूर्वी ते दिसायचं, तेव्हा धोका कमी होता. आता ते दिसतसुद्धा नाही. विचार करा, किती वाढलं असेल!"

कोंबड्यांनी विचार केला आणि त्या एकमेकींच्या पंखांखाली शिरू लागल्या.

"म्हणून आजपासून वाडीतलं प्रत्येक अंडं माझ्या घरात, माझ्या गादीखाली, सुरक्षित राहील. मी त्याच्यावर जातीनं झोपेन. स्वतःच्या झोपेची पर्वा करणार नाही!"

झोपणार, पण झोपेची पर्वा करणार नाही, हे कसं, असं कुणी विचारलं नाही. टाळ्या वाजवायला पंख होतेच. त्याच दुपारी कोंबड्यांनी आपापली अंडी चोचीनं ढकलत ढकलत साहेबांच्या घरात नेली. कवडी जागची हलेना. तेव्हा तांबडी आक्का तिच्याकडे आली. आक्का खुराड्यातली सगळ्यात जुनी कोंबडी. तिनं सगळ्या सरकारांना अंडी दिली होती आणि त्याचा तिला अभिमान होता.

"ऊठ गं बाई, सगळ्यांनी दिली, तुलाच काय सोनं लागलंय?"

"आक्का, ही उबवायची आहेत. उचलली तर गार पडतील."

"मुंगसानं नेली तर गरम राहतील काय? उगाच शहाणपणा करू नकोस. साहेबांना कळलं तर माझंही नाव येईल."

दोघी-तिघींनी मिळून कवडीला बाजूला सारलं आणि तिची अंडी गेली. कवडी रिकाम्या भुश्यावर तशीच बसून राहिली. रडावं असं तिला फार वाटलं.

हळूहळू साहेबांच्या गादीखालचं कोठार रिकामं झालं. म्हणजे झालं असणार, कारण साहेबांच्या घराबाहेर टरफलं दिसू लागली आणि त्यांच्या अंगावर तुकतुकी आली. तुर्रेरावांनी बांगेतून खुलासा केला, की मुंगसानं रात्री भुयार खणून अंडी खाल्ली आणि साहेबांची बदनामी व्हावी म्हणून टरफलं मुद्दाम त्यांच्या दारात टाकली. तेवढ्यावर न थांबता त्याच मुंगसानं साहेबांना जाडही केलं. कोंबड्या संतापल्या. मुंगसावर.

तरी कवडी साहेबांच्या दारात गेलीच. "साहेब, मी खुडूक झालेय हो. माझं मला एक तरी परत द्या. निदान एक पिल्लू तरी."

"एक?" साहेबांचे डोळे भरून आले. "ताई, तुम्ही एक मागता? मी प्रत्येकीला एक देतो!"

आता थोडं काकूंबद्दल. कोंबडीनं भलतीकडे अंडी घालू नयेत म्हणून काकू भुश्यात एक खोटं अंडं ठेवत. ते दिसलं की कोंबडी तिथंच बसते. ही अंडी काकूंनी ओळखीच्या मूर्तिकाराकडून करून आणली होती, गणपतीच्या उरलेल्या प्लास्टरची. एक टोपलीभर पडवीत पडून होती. साहेबांनी ती टोपली पाहिली आणि राज्यात 'माझं अंडं, माझा अभिमान' ही योजना जाहीर झाली.

काय तो सोहळा! प्रत्येक लाभार्थी कोंबडीनं पुढे यायचं, साहेबांच्या पंजाला चोच लावायची आणि अंडं घ्यायचं. अंडी पांढरीशुभ्र, गुळगुळीत, सगळी एका मापाची. "आपण घालतो त्याला कुठं अशी चकाकी असते!" आक्का म्हणाली आणि तिनं आपलं अंडं सगळ्यांना दाखवून आणलं. कवडीनं आपलं अंडं पोटाखाली ओढलं. गार लागलं. पण तिनं मनाशी म्हटलं, मिळालं हेच खूप. ती बसली.

सगळ्याच बसल्या. खुडूक नसलेल्याही बसल्या, कारण न बसणाऱ्यांची नावं तुर्रेराव कौलांवरून वाचून दाखवत. उकिरडा उकरायला कुणी उरलं नाही. पिल्लू निघायचे दिवस आले आणि गेले. आतून टकटक नाही, चिवचिव नाही.

"आक्का, इतके दिवस लागतात का?"

"अगं, मोठं पिल्लू असणार. आधीच्या सरकारांत लवकर निघायची, पण ती मरतुकडी निघायची."

कवडी झुरून काटकुळी झाली होती. छातीची पिसं झडली होती. एका सकाळी तिच्यानं राहवेना. तिनं अंड्याला कान लावला, मग चोच लावली आणि डोळे गच्च मिटून एक टोचा मारला. आतून पांढरी भुकटी सांडली. पिल्लू नाही, बलक नाही, काही नाही. इतके दिवस छातीशी धरलेलं ते हेच! तिला असा राग आला की ती तशीच, भुकटीनं माखलेल्या चोचीनिशी, खुराड्याच्या दाराशी धावत गेली.

"बायांनो, उठा! हे अंडं नाही. यात काही नाही. तुमचंही फोडून बघा!"

 एकीनंही आपलं अंडं फोडलं नाही. आक्कानं उलट आपलं आणखी आत ओढून घेतलं.

"तुझं खोटं निघालं असेल," ती म्हणाली. "माझं खरं आहे."

"टोचून बघ ना एकदा!"

"का म्हणून? आणि खरं असलं, फुटलं, मग? तू भरून देणार?"

तेवढ्यात कुकीसाहेब आले. त्यांनी फुटलेल्या अंड्याकडे पाहिलं नाही. कवडीच्या चोचीकडे पाहिलं आणि मोठा उसासा सोडला. "भगिनींनो, मला बोलायला शब्द नाहीत." त्यानंतर ते तासभर बोलले. सारांश असा, की मुंगूस आपल्यातच होतं. जी आई स्वतःचं अंडं फोडते, तिनं आजवर किती अंडी फोडली असतील? चोचीला लागलेला पुरावा तुमच्या समोर आहे.

"अंडीखाऊ! अंडीखाऊ!" खुराडं दणाणलं. सगळ्यात मोठा आवाज आक्काचा होता. अंडी खायची चटक लागलेल्या कोंबडीचं काकू काय करतात, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. रविवारी रस्सा. साहेबांनी नाकानं ढकलून बांबूचं डालगं कवडीवर पालथं घातलं आणि तिला रविवारपर्यंत आत ठेवायचा हुकूम सुटला. डालग्याच्या फटींतून तिला सगळं राज्य दिसत होतं. सगळ्या आपापल्या प्लास्टरवर मन लावून बसल्या होत्या.

आणि शनिवारी सकाळी फाटकाशी गाडी आली. साहेबांची मालकीण फिरून परतली होती. खंबीर नेतृत्वानं कान पाडले, शेपूट हलवत हलवत अंगणभर गोल फेऱ्या मारल्या, मालकिणीचं तोंड चाटलं आणि मागच्या सीटवर उडी मारली. राजीनामा नाही, निरोप नाही. काचेतून त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. कोंबड्या फाटकापर्यंत रडत गेल्या. "आमच्यासाठी किती झिजले हो!" आक्का म्हणाली.

दुपारी निवडणूक झाली. टायगरनं पायरीवर चढून भाषण केलं, कारण जमिनीवरून तो दिसत नसे. "भगिनींनो, मी आज एक कटू सत्य सांगणार आहे. तुमची अंडी प्लास्टरची आहेत!"

 खुराड्यात एकच गदारोळ उठला. "फसवणूक! लूट! आम्हाला आधीपासूनच संशय होता!" सगळ्यात मोठा आवाज पुन्हा आक्काचाच होता.

"कुकीनं तुमच्या तोंडाला पानं पुसली. प्रत्येकीला फक्त एक खोटं अंडं दिलं! आमचं सरकार आलं तर प्रत्येकीला दोन देईल!"

टायगर प्रचंड बहुमतानं निवडून आला. पडवीतल्या टोपलीत अजून पुष्कळ माल होता.

संध्याकाळी नवे साहेब डालग्याशी आले. तुर्रेराव सोबत होते. पहाटेची बांग त्यांनी नव्या नावानं बसवूनही घेतली होती.

"कवडीताई, तुमच्यावर मोठा अन्याय झाला. आमच्या विजयात तुमचा वाटा आहे. आम्ही अंडी तपासणी समिती नेमतोय. अध्यक्ष तुम्ही."

"अंडी खरी आहेत का?" कवडीनं विचारलं. तिचा आवाज बसला होता.

"ते ठरवायला तर समिती नेमलीय."

"मग एक फोडून बघते."

"फोडायचं नाही, ताई," टायगर फार प्रेमानं म्हणाला. "मागच्या वेळी त्यानंच तर गैरसमज झाला. अध्यक्षांनी स्पर्शानं ठरवायचं. आणि तुम्हाला नको असेल, तर आमची सक्ती नाही. उद्या रविवारच आहे."

तुर्रेरावांनी डालगं उचललं. बाहेर भुश्यात दोन अंडी ठेवलेली होती, पांढरीशुभ्र, एका मापाची. कवडी बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ती काय आहेत हे तिच्याइतकं त्या वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. याही वर्षी पिल्लू नाही, हेही तिला ठाऊक होतं. पण अंग अजून तापलेलं होतं, उघडी छाती रिकामी ठेववत नव्हती, आणि रविवारला एकच रात्र होती. तिला स्वतःची लाज वाटली. तरी ती बसली. बसल्यावर तिला बरं वाटलं, आणि त्याची तिला आणखी लाज वाटली.

रविवारी काकूंनी अळूचं फदफदं केलं. पुढे थोड्याच दिवसांत समितीनं खुराड्यातल्या प्रत्येक कोंबडीच्या पोटाखाली पाहणी केली आणि अहवाल सादर केला. तुर्रेरावांनी तो कौलांवरून वाचून दाखवला, टाळ्या थांबेनात म्हणून दोनदा वाचला.

सगळी अंडी उबदार आढळली.