उजव्या अंगाचा ध्वज

एकदा एका डोंगराळ देशात एक वृद्ध रंगारी राहत असे. विमानांवर देशाचा ध्वज रंगवणे हे त्याचे आयुष्यभराचे काम. त्या देशाचा ध्वज निळा होता आणि काठीलगतच्या वरच्या कोपऱ्यात सोनेरी सूर्य होता. आपला तिरंगा डावीकडून पाहा की उजवीकडून, सारखाच दिसतो. म्हणून ही अडचण आपल्या कधी ध्यानात येत नाही. त्या देशाचा नियम असा, की विमानाच्या दोन्ही अंगांना सूर्य नाकाकडेच असायचा. त्यामुळे डाव्या अंगाचा ध्वज पुस्तकातल्यासारखा दिसे आणि उजव्या अंगाचा आरशातल्यासारखा.

वृद्धाला एक शिष्य होता. एका व्यापाऱ्याच्या नव्या विमानावर त्याने प्रथमच एकट्याने ध्वज रंगवला आणि अगदी बरोबर रंगवला. व्यापाऱ्याने दोन महिन्यांपूर्वीच त्या ध्वजाचा आराखडा पाहिला होता. उजवीकडचा सूर्य असा का, म्हणून विचारलेही होते. कारण ऐकून मान डोलावली होती आणि आराखड्यावर सही केली होती.

पहिल्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी कुणीतरी विमानाच्या उजव्या अंगाचा फोटो काढला आणि गावभर एकच ओरड झाली, ध्वज उलटा काढला! उचलली जीभ, लावली टाळ्याला. विमानाला वळसा घालून दुसरी बाजू पाहण्याचे कष्ट एकाही देशभक्ताने घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळाच्या आवारात जमाव घोषणा देत उभा राहिला. सर्वांत पुढे एक पुढारी, मोटारसायकलवर भला मोठा ध्वज बांधून.

अशा वेळी व्यापाऱ्याने एक शब्द तरी बोलावा की नाही? त्याने शिष्याला बाजूला घेतले.

"हे बघ, तुझं बरोबर असेलही. पण या लोकांना समजावत बसायला मला वेळ नाही. या माफीनाम्यावर सही कर, मी तो लोकांना वाचून दाखवतो. मग सूर्य शेपटाकडे काढ. जमत नसेल तर दुसरा रंगारी आणतो."

माझ्या निष्काळजीपणामुळे राष्ट्रध्वजाचा अपमान झाला, असे त्या कागदावर लिहिले होते. शिष्याने मुकाट्याने सही केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर संन्याशाने दोर स्वतःच गळ्यात घालून घेतला.

तेवढ्यात वृद्ध आला. शिष्याने त्याला सारे सांगितले.  वृद्ध सरळ पुढाऱ्याकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "दादा, तुमची गाडी विमानाच्या शेपटापासून नाकापर्यंत एकदा न्या. याच उजव्या बाजूने, आणि जरा वेगात."

म्हातारा चळला, असे लोकांना वाटले. पुढाऱ्याला मात्र मिरवायला निमित्तच हवे होते. गाडी सुटली. वाऱ्याने कापड मागे फडफडू लागले. काठी पुढे आणि काठीजवळचा सूर्यही पुढे. विमानावर रंगवलेला ध्वज जसा होता, हुबेहूब तसाच ध्वज विमानाशेजारून धावत गेला. घोषणा थांबल्या.

"सूर्य शेपटाकडे काढला असता, तर विमान पुढे निघालंय आणि ध्वज मागे पळतोय असं दिसलं असतं," वृद्ध म्हणाला.

पुढारी ओशाळला. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो."

"सांगू शकणारे इथंच उभे होते." वृद्धाने व्यापाऱ्याकडे पाहिले.

व्यापारी घाईने हसला. "चला, मिटलं! पोरा, ध्वज राहू दे तसाच." आणि त्याने माफीनामा हळूच खिशात सरकवला.

वृद्ध शिष्याकडे वळला. त्याचा आवाज संतापाने कापत होता. "या लोकांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यावर मी रागावत नाही. शेठजींना सगळं ठाऊक होतं, त्यांची मला चीड येते. पण तुझं काय? स्वतः काढलेला ध्वज बरोबर आहे हे माहीत असताना तू त्याला अपमान म्हणालास, तेही लिहून! ध्वज मागे पळताना दाखवू नये, एवढंच मी तुला शिकवलं. तो हाती घेणाऱ्यानं पळू नये, हे शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं."

 शिष्य जमावासमोर गेला. "मी एका माफीनाम्यावर सही केली आहे. तो शेठजींच्या खिशात आहे आणि त्यातलं एक अक्षरही खरं नाही. ध्वज बरोबर आहे, हे मला माहीत होतं आणि शेठजींनाही."

व्यापारी लालबुंद झाला. "चालता हो इथून!"

"हो," शिष्य म्हणाला. त्याने आपले ब्रश शांतपणे धुतले, पुसले आणि तो फाटकाकडे चालू लागला. वृद्धही त्याच्या बरोबरीने निघाला.