जावळाच्या जेवणाला जामीन कोण?

मंगळवारी सकाळी बरोबर सव्वानऊ वाजता पतपेढीचे चेअरमन बापूसाहेब रंजनाच्या ओट्यावर येऊन बसले. तिच्या मांडीवर वर्षाचं पोर, त्याचं जावळ काढायचं होतं आणि घरखर्च कसाबसा भागत होता.

बापूसाहेब नात्यानं चुलत सासरे. मिशीवर हात फिरवून म्हणाले, "सूनबाई, अख्ख्या गावाला मटणाचं जेवण झालंच पाहिजे. घर गहाण टाका, कर्ज मी देतो. नाहीतर लोक काय म्हणतील?"

ओट्याभोवती जमलेल्या शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. "खरंय, घराण्याची अब्रू आहे!" रंजनाचा नवरा तर सहीसाठी पेन शोधायला लागला.

रंजनानं पदर सावरला. "बापूसाहेब, घर कशाला? पतपेढीत जामीन चालतात ना?"

"चालतात की. दोन लागतात."

"मग ज्यांच्या बोलण्याला भ्यायचं, त्यांनाच जामीन घ्या. मंडळी बसलीच आहेत. जेवणारही तेच, बोलणारही तेच, सहीसुद्धा त्यांनीच करावी."

एकाला एकदम म्हशीची धार आठवली. दुसऱ्यानं न वाजलेला मोबाइल कानाला लावला. बघता बघता शेजारी पांगले. उरली एकटी शेजारची गोदाक्का.

"पोरी, शिरा कर," ती हसत म्हणाली. "लेकरं घेऊन येते मी."

बापूसाहेब चपला घालता घालता पुटपुटले, "शिऱ्याला मलाही बोलव हो."

रविवारी मामाच्या मांडीवर जावळ निघालं आणि घर घरच्यांचंच राहिलं. तुमच्या ओळखीत कुणी लोकांच्या बोलण्यापायी कर्ज काढत असेल, तर रंजनाचा हा सवाल त्याच्या कानावर जरूर घाला.