लाल पेन आणि सुगंधाची शेळी

बोरू-दौती मागे पडल्या होत्या, पण वस्तू अजून आपसांत बोलत, तेव्हाची गोष्ट.

इंग्रजीच्या बाईंच्या लाल पेनाला चुकीचं क्रियापद खपत नसे. वर्गातल्या सुगंधाने वहीत लिहिलं, 'आय ॲम हॅविंग अ गोट.' पेनाने 'ॲम हॅविंग' खसकन खोडून वर ठसठशीत 'हॅव' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वहीत एकच वाक्य होतं, अगदी बरोबर: 'आय हॅव अ पेन.'

"शेळी कुठे गेली?" पेनाने वहीत राहिलेल्या पेन्सिलीला विचारलं.

"शेळी व्यालीय. पोरीला तेच सांगायचं होतं. पण तुझ्या रेघोट्यांना घाबरली."

पेनाने बाईंचा हात ओढून खाली लिहिलं, 'करडाचं नाव काय?'

तिसऱ्या दिवशी पानभर करडू बागडत होतं. चुकाही होत्याच. पेनाने टोपण काढायच्या आधी सगळं वाचलं.