काचेतला हातोडा

सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि रेल्वे संग्रहालयाच्या फलाटावर पाहुणे जमले होते. यंत्रं एकमेकांशी बोलत, पण माणसांना ऐकू येत नसे, त्या काळातली ही गोष्ट.

तिथे काचेच्या कपाटात चाकं तपासायचा हातोडा ठेवला होता. धड चाक घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं, एवढीच त्याची विद्या. सफरीसाठी रंगवलेलं गिरिजा नावाचं वाफेचं इंजिन समोरून गेलं, तेव्हा त्याने कान टवकारले.

"गिरिजाबाई, तुझं मागचं चाक बद्द वाजतंय. निघू नकोस."

"तुम्हाला कोणी हात लावत नाही, म्हणून पोटात दुखतंय, मामा," इंजिन म्हणालं. "माझ्या गळ्यातले हार बघा."

तेवढ्यात निवृत्त फिटर मुजावर कपाटापाशी आले. हातोड्याच्या जिवात जीव आला.

"साहेब, एवढा हातोडा द्या. चाकं ठोकून बघतो."

"ती प्रदर्शनातली वस्तू आहे, मुजावर," व्यवस्थापक ढोणे म्हणाले. "आणि कालच रंग दिलाय. टवके उडवायचेत का?"

हातोडा काचेआड ओरडत राहिला. बाहेर बँड वाजू लागला होता.

दहा वाजता गाडी सुटली. पहिल्याच वळणावर चाक फुटलं, इंजिन कलंडलं आणि कोळसा टाकणारे सावळाराम त्याखाली चिरडून मेले.

चौकशीत एक कागद निघाला. 'सर्व चाकं हातोड्याने ठोकून तपासली,' असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली ढोणे यांची सही होती. संग्रहालयात चाकं तपासायचा हातोडा एकच होता. त्याच्या कपाटाचं कुलूप वर्षभर उघडलेलं नव्हतं. चाकं कशाने ठोकली, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.