अण्णांनी कापलेली वायर

एकदा एका तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. तरुणपणी त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि उतारवयात संगणक. शाळा चौथीपर्यंतच झाली होती. पण कोणतंही यंत्र उघडण्याआधी ते त्यावर थोडा वेळ हात ठेवून बसत.

त्यांच्यापाशी हेमा नावाची एक विद्यार्थिनी काम शिकत होती. वय तिशीचं, हात चपळ, बुद्धी तल्लख. तिच्यात एकच उणीव होती आणि लोकांना तोच तिचा गुण वाटे. तिला कुणालाही ‘नाही’ म्हणता येत नसे.

त्या गावात कर्णबधिर मुलांची एक शाळा होती. तिथल्या सबनीस बाई संगणकावर हलत्या चित्रांचे धडे तयार करीत. पडद्यावर एक चितारलेली मुलगी येई आणि हातांच्या खुणांनी गोष्ट सांगे. हे काम लवकर व्हावं म्हणून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी बाईंना एक मोठं ग्राफिक्स कार्ड भेट दिलं. संगणकात चित्रं घडवणारा भाग तो हाच. हेमानं ते बसवून दिलं. आठवडाही झाला नव्हता, तोच सोमवारी सकाळी बाई संगणक रिक्षात घालून दुकानात आल्या.

“हेमा, याला माझ्या वर्गातल्या बंडूची सवय लागलीय,” त्या म्हणाल्या. “धडा घडवताना निम्म्यावर आला की डोळे मिटतो.”

“बंद होताना आवाज येतो का?” अण्णांनी विचारलं.

“टक् असा. मग सगळं काळं.”

“आणि वास?”

“जळका येतो थोडा. मला वाटलं शेजारी कुणाची तरी भाजी लागली.” बाई हसल्या, पण चेहरा हसत नव्हता. “अण्णा, गुरुवारी पालक येणार आहेत. ‘बी कसं रुजतं’ हा वीस मिनिटांचा धडा दाखवायचाय, तो अजून तयार व्हायचाय. आपली मुलं काय शिकतात ते त्या लोकांनी एकदा डोळ्यांनी बघायला हवं. आणि माझे तीन वर्षांचे सगळे धडे याच डब्यात आहेत. दुसरीकडे कुठं नाहीत.”

हेमा पुढे झाली. “अण्णा, मी नीट बेरीज केली होती. एसएमपीएस साडेचारशे वॅटचा आहे. कार्डाला सव्वादोनशे, प्रोसेसरला शंभर, बाकीच्याला पन्नास. पावणेचारशे झाले. पंचाहत्तर उरतात.”

एसएमपीएस म्हणजे भिंतीतून वीज घेऊन संगणकाच्या एकेका भागाला वाटून देणारी लोखंडी पेटी. अण्णांनी संगणकाचं बाजूचं झाकण काढलं, तो चालू केला आणि बाईंना धड्याचं काम लावायला सांगितलं. मग पेटीपासून कार्डापर्यंत गेलेली एक वायर हेमाला दाखवून म्हणाले, “ही दोन बोटांत धर.”

“काय बघायचं?”

“काही नाही. धरून बस.”

हेमा बसली. पडद्यावरची मुलगी एकेक खूण करू लागली. थोड्या वेळानं वायर कोमट लागली. मग गरम. आणखी थोड्या वेळानं हेमानं बोटं झटकली, तेवढ्यात टक् झालं आणि पडदा काळा पडला.

अण्णांनी भिंतीतून पिन काढली. संगणक निवू दिला. मग ती वायर सोडवली, नवं कार्ड काढून बाईंच्या हातात दिलं आणि कटरनं वायरचे मधोमध दोन तुकडे करून भंगाराच्या डब्यात टाकले.

“अहो, नवी होती ती,” बाई म्हणाल्या.

हेमाचा चेहरा उतरला. वायर कार्डाच्या खोक्यातच आली होती आणि तिनंच ती लावली होती. अण्णा रागावलेत असं तिला वाटलं. पण अण्णांनी पेटी सोडवून तिच्या मांडीवर ठेवली.

“वाच.”

“साडेचारशे वॅट.”

“ते मोठं लिहिलंय, ते सगळेच वाचतात. खालचं बारीक वाच. मला चष्म्यातूनही दिसत नाही.”

हेमानं पेटी उजेडाकडे वळवली. “बारा व्होल्ट... अठरा अँपिअर.” ती थांबली. तिनं मनातल्या मनात गुणाकार केला. “दोनशे सोळा वॅट.”

“साडेचारशे ही सगळ्या वाटांची मिळून बेरीज,” अण्णा सावकाश म्हणाले. “पण कार्ड आणि प्रोसेसर, दोघंही या एकाच वाटेवर जेवायला बसतात. गावच्या टाकीवर लाख लिटर लिहिलेलं असतं, म्हणून आपल्या गल्लीतल्या अर्ध्या इंचाच्या पाइपातून लाख लिटर येतात का? त्यात मोठं कार्ड मधूनच एकदम मोठा घोट घेतं. तो घोट पुरवताना पेटीचा श्वास तुटतो.”

“चुकलंच माझं,” हेमा म्हणाली.

“बेरीज कुणाचीही चुकते. वायर मी त्यासाठी नाही कापली. मला सांग, कार्डाला आठ पिनांची जागा आहे. या पेटीतून आठ पिनांचं टोक बाहेर आलंय का?”

“नाही. म्हणून तर ही वायर लावली. डिस्कला वीज देणारी पेटीची दोन टोकं एकत्र करून आठ पिना होतात.”

“आणि पेटीला ते टोक का नसेल?”

हेमानं पेटी उलटीपालटी करून पाहिली.

“तेवढं द्यायची तिची ताकद नव्हती, म्हणून घडवणाऱ्यानं टोक ठेवलंच नाही. ती बिचारी न बोलता ‘नाही’ म्हणत होती, पोरी. आपण दोन टोकं बांधून तिच्याकडून ‘हो’ वदवून घेतलं. मग ती देत राहिली. तापली, तरी देत राहिली. एक दिवस जळाली असती आणि जाताना बाईंचे धडेही घेऊन गेली असती. ही वायर कपाटात राहिली असती, तर उद्या अशाच एखाद्या गरीब पेटीच्या गळ्यात पडली असती.”

त्यांनी पेटी जागेवर लावली आणि मोठं कार्ड बसवताना काढून ठेवलेलं बाईंचं जुनं कार्ड परत बसवलं. ते लहान होतं, वेगळी वायर मागत नसे. हेमानं आधी सगळे धडे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. मोठ्या कार्डाजोगी पेटी पुण्याहून मागवावी लागणार होती आणि ती शुक्रवारी येणार होती.

“म्हणजे गुरुवारचं नाहीच का जमणार?” बाईंनी हेमाकडे पाहिलं. “तू म्हणालीस की होतं नेहमी.”

‘होईल बाई’ हे शब्द हेमाच्या ओठांवर आले होते. तिची नजर भंगाराच्या डब्याकडे गेली.

“नाही बाई,” ती म्हणाली. “जुनं कार्ड चित्रं हळू घडवतं. बुधवार संध्याकाळपर्यंत बारा मिनिटांचा धडा होईल. वीस मिनिटांचा नाही होणार.”

अण्णा फडक्यानं संगणकावरची धूळ पुसत राहिले. बाईंनी मांडीवरच्या नव्या कार्डाकडे पाहिलं.

“बारा तर बारा,” त्या शेवटी म्हणाल्या. “आज सांगितलंस ते बरं केलंस. गुरुवारी भर कार्यक्रमात काळं झालं असतं, तर मी त्या लोकांना कोणतं तोंड दाखवलं असतं?”

गुरुवारी अण्णा आणि हेमा शाळेच्या सभागृहात मागच्या बाकावर बसले. संगणक एकदाही अडखळला नाही. पडद्यावरच्या मुलीनं माती उकरली, बी ठेवलं, वरून माती सारखी केली आणि तिचे हात थांबले. बारा मिनिटं संपली होती.

तेव्हा सबनीस बाई उठल्या आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी डाव्या हाताची पोकळ मूठ केली. तिच्यातून उजव्या हाताची मिटलेली बोटं हळूहळू वर आणली आणि वर येऊन ती उमलवली. पुढे बसलेली सगळी मुलं तशीच खूण करू लागली. मग एका आईनं केली. मग शेजारच्या बापानं, जरा लाजत. सभागृहात कसलाही आवाज नव्हता.

परतताना अण्णा म्हणाले, “उद्या पेटी येईल. तूच जोड. मी बघणार नाही.”

“आधी टोक बघीन,” हेमा म्हणाली.

मंडळी, कुणाकडे काही मागण्याआधी त्याच्यापाशी ते द्यायचं टोक आहे का, एवढं पाहावं. आणि ते आपल्यापाशी नसेल, तर तसं सांगताना मान खाली घालू नये.