घरटी एक हात

"घरटी एकच हात. का, ते विचारायचं नाही." आंबेदऱ्यात जन्मलेल्या प्रत्येकाला हे बजावलेलं असे. कॉलेजात शिकणारी केतकी मात्र मठाच्या पायऱ्या चढता चढताच विचारत होती.

"ज्या घरात पुरुष नाही, त्या घरानं काय करायचं, माय?"

मठातली संन्यासिनी चंद्रामाय अंगण झाडत राहिली.

तळ्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं, हे पाणीपंच ठरवी. आणि पंच निवडला जाई इथेच, मठाच्या अंगणात, हात वर करून. घरटी एक हात, तोही कर्त्या पुरुषाचा. वडील गेल्यापासून केतकीच्या आईचं शेत करपत चाललं होतं. मायला तर घरच नव्हतं. सगळं गाव तिच्या पाया पडे. तिचा हात कधी कुणी मोजला नव्हता.

आज संध्याकाळीच निवड होती.

"प्रत्येक जाणत्या माणसाचा हात मोजायला हवा," केतकी म्हणाली. "बाईचा, सुनेचा, गड्याचा. तू सांगितलंस तर ऐकतील. तू नुसती झाडत बसतेस."

"तुझा मामा उभा आहे ना?"

"हो. निवडून आला की आईला पाणी देणार आहे."

"खालच्या आळीत, तुमच्याकडे, घरं जास्त. वरच्या आळीत माणसं जास्त..."

केतकी मनातल्या मनात दोन्ही आळ्या फिरून आली. प्रत्येकाचा हात मोजला, तर मामा पडत होता.

"अजून मोजायचेत सगळे हात?" मायनं विचारलं.

...

केतकी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आली. मग निघून गेली.

संध्याकाळी अंगण भरलं. पुरुष पुढे, बायका भिंतीपाशी. केतकीनं मधोमध उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. वरच्या आळीकडून उभे असलेले दौलतराव हसले. सासऱ्याच्या विरोधात हात वर करायला आता कॉलेजात शिकवतात वाटतं, म्हणाले. ही पोर नक्की कुठल्या आळीची, असंही खालच्या आळीतल्या कुणी विचारलं. मामा मात्र समजुतीनं बोलला. तिच्या आईचा हात आजपासून मोजू, पाणीही देऊ. बाकीचं तेवढं सोडून दे. दोन्ही आळ्यांच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. इतक्या वर्षांत त्यांचं एवढं कधी जमलं नव्हतं.

केतकीनं भिंतीकडे पाहिलं. आई बसली होती. तिच्या शेजारी दौलतरावांच्या सुना, पदर सावरत.

"एकट्या आईचा नको, मामा. सगळ्यांचे मोजा. मग तुम्ही पडलात तरी चालेल."

"आणि तुझ्या आईचं पाणी?"

"ते..." तिनं पुन्हा आईकडे पाहिलं. "ते गेलं तरी."

म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. दौलतरावही.

पायरीवर बसलेली माय उठली. हातातला खराटा खाली ठेवला आणि हात वर केला.

"माझ्यापासून मोजा."