येसाईची मांडी

हे मी सांगायचं नाही, असं आईने बजावलं आहे. पण येसाई काही एकट्या आमच्या घराची नाही, साऱ्या गावाची आहे. म्हणून हळू आवाजात सांगते.

आमच्या गावाला रस्ता नव्हता, नदीवर पूल नव्हता, त्या काळी इथे येसाई नावाची सुईण होती. तिच्या हातून जन्मलेलं मूल कधी दगावलं नाही, असं म्हणतात. तिच्या कमरेला एक पितळी डबी असायची आणि डबीत अफू. बायका कापूस वेचायला निघाल्या, की येसाई मोहरीएवढी अफू दुधात उगाळायची आणि तान्ह्या पोरांच्या जिभेवर बोटाने लावायची. मग बांधावरच्या चिंचेला झोळ्या टांगायच्या. पोरं दिवसभर झोपायची आणि आयांचे हात मोकळे व्हायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पुरुषही अफू खायचे, पाहुण्यालाही अफूच द्यायचे.

पुढे येसाईच्या घरी नात जन्मली. मुलगा हैबती आणि सून सोना, दोघंही येसाईच्याच हातची बाळं, दोघांच्याही जिभेवर तिचंच बोट फिरलेलं. हैबतीला सकाळची गोळी मिळाली नाही, तर हातात पाण्याचा तांब्या धरवत नसे. सोना पोटुशी असतानाही चोरून घेत होती.

नात जन्मली आणि दुसऱ्या दिवशी थरथरू लागली. दूध घेईना, रडायची थांबेना. तिचे इवलेसे हात थेट हैबतीसारखे कापत होते. येसाईने सवयीने डबी उघडली. बोट अजून जिभेपर्यंत गेलंही नव्हतं, तोच पोरीने वासाकडे मान वळवली, असं म्हणतात. येसाईचा हात तिथेच थांबला. दोन दिवसांच्या जिवाला ही ओळख कुणी करून दिली?

"आई, लाव की एवढंसं," हैबती म्हणाला. "डोकं उठलंय माझं."

"तुलाही एवढंसंच लावलं होतं रे."

"मग? मेलो का मी?"

येसाई त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने डबी चुलीत रिकामी केली, नातीला उचललं आणि तशीच शेतावर गेली.

"आजपासून झोळ्या बंद. पोरं माझ्या मांडीवर द्या."

"अगं बाई, अकरा पोरं आहेत! मांड्या दोनच ना तुला?" एक जण हसली.

"रडायला लागली म्हणजे?" दुसरी म्हणाली.

"रडतील. तुम्ही वेचा, मी बसते."

येसाई चिंचेखाली बसली. अकरा ती आणि बारावी नात. पोरं अशी रडली, की बैल पाण्यावरून परत फिरले आणि चिंचेचा पाला झडून गेला. पण ओळीत वाकलेली प्रत्येक बाई कंबर सरळ करून मागे बघायची, तेव्हा तिला आपलंच पोर येसाईच्या मांडीवर दिसायचं. अकराही जणींना, एकाच वेळी. कसं, ते कुणालाच सांगता आलं नाही.

नातीची थरथर मात्र वाढतच गेली. नवव्या दिवशी भर दुपारी ती एकदम गप्प झाली. साऱ्या शेतातले हात थांबले. सोना धावत आली, ओटीतला कापूस वाटेवर सांडत गेला.

पोर मूठ चोखत होती.

"बघत काय उभी राहिलीस सोने? भूक लागलीय तिला," येसाई म्हणाली.

हैबतीचं काय झालं, ते दोन तऱ्हांनी सांगतात. काहीजण म्हणतात, तोही चिंचेखाली आला आणि येसाईने त्याचं डोकं त्याच मांडीवर घेतलं. आई म्हणते, तो अफूच्या व्यापाऱ्यामागे नदी उतरून गेला, तो गेलाच.

आजही आमच्या गावात तान्ह्याच्या जिभेला कुणी बोट लावत नाही, मधाचंसुद्धा नाही. आणि एखाद्या घरात कुणी व्यसन सोडत असेल, तर गावातल्या बायका नऊ दिवस पाळीपाळीने त्याच्याजवळ बसतात. विचारत नाहीत, बोल लावत नाहीत, नुसता हात धरून बसतात. त्याला आम्ही येसाई बसवणं म्हणतो.

सध्या आमच्या घरी येसाई बसली आहे, बाबांसाठी. पाठदुखीच्या गोळ्या होत्या, त्या मग सुटल्याच नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे, पण हात अजून कापतात. आजोबांच्या दारूसाठी बसवली होती, तेव्हा ते सातव्या दिवशी उठून गेले होते. आज बाबांचा सातवा दिवस आहे. सकाळपासून त्यांनी तीनदा चपला कुठे आहेत म्हणून विचारलं. चपला मी कोठीत लपवल्यात. मधूनच मी माझे हातही पुढे धरून बघते. अजून तरी—

"कल्याणी, आत ये गं! बाबांना तुझा हात धरायचाय."

आई बोलावतेय. आले, आले. एवढंच सांगते, की ते उठलेच, तर मी दारात बसलेली असेन.